भीतीला तारीख देण्याआधी

आमच्या वेल्ह्यात बाळंतपणाची भीती पावसाबरोबर वाढते. एप्रिल-मेची तारीख मिळालेली बाई निवांत असते. जुलैची तारीख मिळालेली आतापासूनच आभाळाकडे बघायला लागते. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, रस्ते मात्र तेच आहेत. केळद-पासलीकडच्या गावांतून निघायचं, वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोचायचं, तिथून पुढं पाठवलं तर विंझर, मार्गासनी, नसरापूर करत चेलाडीला हायवे गाठायचा आणि मग खेड शिवापूर, कात्रजचा बोगदा, पुणं. शेजारच्या भोर तालुक्याची गत फार वेगळी नाही. भाटघर आणि नीरा देवघर धरणांच्या पाण्यामागची गावं, वरंधा घाटाच्या वाटेवरची हिर्डोशी-शिरगाव, या सगळ्यांना भोर गाठेपर्यंतच अर्धा जीव होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माहेर भोरचं, सासर वेल्हे तालुक्यातलं. माझी दोन्ही मुलं सिझरनं झाली. पहिलं सिझर मी मागून घेतलं, दुसरं ऐन वेळी करावं लागलं. या दोन बाळंतपणांत मला तीन डॉक्टरांकडून तीन उत्तरं मिळाली. ‘मला भीती वाटते, सिझरच करा,’ असं बाई म्हणते तेव्हा समोरचा डॉक्टर काय बोलतो यावर पुढचं बरंच काही ठरतं, हे मी त्यातून शिकले. आपल्या लेकीसुनांना उपयोग होईल म्हणून ते लिहिते आहे.

भीतीला कारण होतं

लग्न होऊन मी सासरी आले त्याच पावसात थोरल्या जाऊबाईंचे दिवस भरले होते. रात्री कळा सुरू झाल्या. वाटेत दरड आलेली. जीप मागं वळवून दुसऱ्या वाटेनं काढली आणि जाऊबाई जीपमध्येच बाळंत झाल्या. पोर रडलं, सगळ्यांनी हात जोडले, पण जाऊबाईंचा रक्तस्राव थांबेना. मी बॅटरी धरून शेजारी बसले होते. पुण्याला पोचल्यावर रक्त चढवलं आणि त्या वाचल्या. घरात पुढं ही गोष्ट ‘नशीब बलवत्तर’ एवढ्यावर संपायची. माझ्या डोक्यात ती संपली नाही. मला दिवस राहिले तसं रात्री-अपरात्री दचकून जाग यायला लागली. सिझर म्हणजे ठरलेला दिवस, ठरलेली वेळ, दिवसाउजेडी गाडी करून जायचं, असं मी मनाशी पक्कं केलं. टाक्यांची, भुलीची मला भीती नव्हती. मला ती जीप नको होती.

‘एवढ्या शिकलेल्या, आणि घाबरता?’

पहिल्या डॉक्टरांना मी पाचव्या महिन्यात विचारलं. ते हसले. ‘मॅडम, एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि घाबरता? तुमच्या सासूबाईंची सगळी पोरं घरात झाली असतील. काही होत नाही. सिझर काय मागून घ्यायची गोष्ट आहे का?’

वैद्यकीय बाजूनं त्यांचं चुकलं नव्हतं. बाळ नीट, रक्तदाब नीट, हिमोग्लोबिन बरं. सिझरला कारण नव्हतं. पण मी का घाबरले आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि हसल्यावर मलाही ते सांगवेना. ‘काही होत नाही’ हे वाक्य ज्या बाईनं काहीतरी होताना पाहिलं आहे तिला धीर देत नाही. तिला एवढंच कळतं की इथं बोलून उपयोग नाही. मी त्या दवाखान्यात परत गेले नाही.

ही भीती डॉक्टरी शास्त्राला अनोळखी नाही. २००० साली क्रिस्टिना हॉफबर्ग आणि इयान ब्रॉकिंग्टन या ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांनी बाळंतपणाच्या टोकाच्या भीतीवर, म्हणजे टोकोफोबियावर, २६ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींची भीती मूल होण्याच्या कितीतरी आधीपासूनची, मुलगी असल्यापासूनची होती. काहींची आधीच्या वाईट बाळंतपणानंतरची. काहींच्या बाबतीत ती नैराश्याचं लक्षण होती. त्यात आणखी एक गोष्ट आढळली: ज्यांना हवी ती प्रसूतीची पद्धत नाकारली गेली त्यांना नंतर मानसिक त्रास जास्त झाला. तेव्हा हसून दिलेला नकारही फुकट पडत नाही, त्याचीही किंमत असते.

‘मुहूर्त बघून या’

दुसरे डॉक्टर गोड बोलणारे. मी वाक्य पूर्ण करायच्या आत म्हणाले, ‘करून टाकू. उगाच कळा कशाला सोसायच्या? आठवा पूर्ण झाला की पत्रिका दाखवा, मुहूर्त बघून या.’ मला इतकं हलकं वाटलं की मी रडले. घरीही सगळे खूश. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, गुरुजींना विचारलं. चांगली वेळ निघाली ती सदतिसाव्या आठवड्यातली. डॉक्टरांनी वहीत लिहून घेतली. त्या दिवशी भूलतज्ज्ञ मोकळे आहेत ना, एवढं फोनवर विचारलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. मुलगी मात्र धापा टाकायला लागली. छातीत पाणी राहिलं म्हणाले, आणि तिला दुसऱ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवायला हलवलं. गंमत बघा: ज्या रस्त्याला भिऊन मी हे सगळं केलं, त्याच रस्त्यानं माझी काही तासांची लेक माझ्याविना गेली. ती बरी झाली, आज शाळेत जाते. पण मला मांडीवर घेऊन पाजायला ती काही दिवसांनी मिळाली.

पेटी का लागली, हे कळायला मला नंतर वाचावं लागलं. कळा सुरू होण्याआधी आणि दिवस पुरते भरण्याआधी बाळ पोटातून काढलं, तर फुप्फुसातलं पाणी आटायला पुरेसा अवसर मिळत नाही. अमेरिकेतल्या १९ केंद्रांमधल्या ठरवून केलेल्या पुनर्सिझरांचा अभ्यास २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. श्वासाचा त्रास, जंतुसंसर्ग, साखर उतरणं, अतिदक्षता कक्षात ठेवावं लागणं, असं काही ना काही झालेली बाळं ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर काढलेल्यांत १५.३ टक्के, ३८ झाल्यावर ११ टक्के आणि ३९ झाल्यावर ८ टक्के होती. म्हणूनच दुसरं कारण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, असं ब्रिटनची नाइस ही संस्था आणि अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना, दोघीही सांगतात. हे कुठल्या बंद कपाटातलं ज्ञान नाही. मला ते एका वाक्यात सांगता आलं असतं, आणि ते ऐकून आत्यांनीच गुरुजींकडून पुढची वेळ काढून आणली असती.

दुसरी न सांगितलेली गोष्ट त्याहून मोठी. पहिलं सिझर पुढच्या प्रत्येक गरोदरपणाच्या वाट्याला येतं. गर्भपिशवीवर टाक्यांचा व्रण राहतो. पुढच्या खेपेला वार खाली, त्या व्रणावर बसली, तर ती पिशवीच्या भिंतीत रुतू शकते; मग ती सुटत नाही आणि रक्त ओतू लागतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या बायकांपैकी ज्यांचं ते दुसरं सिझर होतं त्यांच्यात वार रुतण्याचं प्रमाण ११ टक्के होतं, तिसरं असलेल्यांत ४० टक्के. वार खाली येणंच मुळात क्वचित घडतं, म्हणून एक सिझर झालेल्या बाईनं यानं घाबरून जायचं कारण नाही. पण ज्या भागात रक्तपेढी तास-दीड तासावर आहे, तिथं याचा अर्थ नीट समजून घ्यावा. रस्त्याला भिऊन करून घेतलेलं पहिलं सिझर पुढच्या बाळंतपणात तोच रस्ता जास्त धोक्याचा करून ठेवतं. मला आणखी मुलं हवी आहेत का, हा प्रश्न मुहूर्ताआधी विचारायचा होता. तो कुणी विचारला नाही.

‘डोळे मिटले की काय दिसतं?’

मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी एका डॉक्टरबाईंकडे गेले आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं, ‘मॅडम, मला सिझरच करायचंय.’ त्या म्हणाल्या, ‘चालेल, त्याचं बोलू. आधी हे सांगा, डोळे मिटले की काय दिसतं?’

मी जीप सांगितली. पाऊस, बॅटरी, रक्त, सगळं. इतक्या वर्षांत हे मी मिस्टरांनाही सरळ सांगितलं नव्हतं. बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतलं आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमची भीती कळांची नाही, रस्त्याची आहे. आणि ती खोटी नाही, तुम्ही पाहिलेलं आहे. पण रस्त्याला सिझर हे औषध नव्हे. रस्त्यावर औषध म्हणजे आधीच अलीकडे येऊन राहायचं.’

त्यांनी दोन्ही वाटा माझ्यापुढं मांडल्या. एक, पुन्हा ठरवून सिझर, ३९ आठवड्यांनंतर. दुसरी, कळांची वाट बघायची आणि नॉर्मलचा प्रयत्न करायचा. एका सिझरनंतर असा प्रयत्न करणाऱ्या बायकांपैकी साधारण चारांतल्या तिघी नॉर्मल बाळंत होतात. जुना व्रण उसवण्याचा धोका दोनशेत एकीच्या आसपास असतो. तो उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. म्हणून हा प्रयत्न जिथं थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त चोवीस तास हाताशी आहे तिथंच करायचा. ‘माझ्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतात,’ त्या स्वच्छ बोलल्या. ‘प्रयत्न करायचा असेल तर मी तुमचं बाळंतपण करणार नाही. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी देते.’ आपल्याकडचा पेशंट आपण होऊन दुसरीकडे पाठवणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. ‘आज ठरवू नका, मिस्टरांना आणि सासूबाईंना घेऊन या,’ असंही म्हणाल्या.

मी दुसरी वाट घेतली. अडतिसावा आठवडा संपायच्या आत धनकवडीत मावसबहिणीकडे जाऊन राहिले. कळा सुरू झाल्या तेव्हा रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर होतं. पहिल्या रात्री मी कळांमध्येही शांत होते, बहीण पाठ चोळत होती. पुढं बाळाचे ठोके उतरायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही. मी हो म्हटलं. मुलगा सिझरनं झाला, झाल्या झाल्या खणखणीत रडला आणि माझ्या छातीवर दिला.

कुणी म्हणेल, शेवटी सिझरच झालं ना, मग एवढा खटाटोप कशाला? खटाटोप नॉर्मलसाठी नव्हताच. पहिलं सिझर भीतीपोटी झालं आणि भीती तशीच राहिली; मुलगी झाल्यावरही ती जीप दिसतच होती. दुसरं सिझर बाळाच्या ठोक्यांमुळं झालं, का होतंय हे मला ठाऊक होतं आणि त्या दिवशी मला जीप दिसली नाही. नॉर्मल बाळंतपण हा काही परीक्षेचा निकाल नव्हे, हे मी शिक्षिका असून सांगते.

डॉक्टर असं का वागतात

डॉक्टरांवर तोंडसुख घेण्यासाठी मी हे लिहीत नाही. तालुक्याच्या ठिकाणी लहान दवाखाना चालवणाऱ्याची अडचण मी जवळून पाहिली आहे. भूलतज्ज्ञ बाहेरून येणार, रक्त पुण्याहून आणायचं, रात्री काही बिघडलं तर नातेवाईक दारात उभे. दवाखान्यांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. अशा डॉक्टरला दिवसा, ठरवून, माणसं जमवून केलेलं सिझर सुरक्षित वाटलं तर ते समजण्यासारखं आहे. बाईची भीती आणि डॉक्टरची भीती एकमेकींना भेटतात आणि तारीख ठरते.

त्यात पैशाचा भाग नाही असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सरकारी संस्थांमधल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझरनं झाली, खासगीत ४७.४ टक्के. महाराष्ट्राचं एकूण प्रमाण २५.४ टक्के होतं. आधीच्या पाहणीत ते २०.१ होतं. सरकारी आणि खासगीतला एवढा फरक केवळ बायकांच्या भीतीनं पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की समाजातलं सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यानं माता आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत. त्याच निवेदनात असंही आहे की आकडा गाठण्याच्या मागं न लागता, जिला गरज आहे तिला सिझर मिळेल हे पाहा. आमच्या भागात ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत: एका घरात नको असताना होतं, दुसऱ्या घरात हवं असताना वेळेत मिळत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक महासंघानं २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये सुचवलं की नॉर्मल आणि सिझर दोन्हींची डॉक्टरांची फी सारखी ठेवावी आणि रुग्णालयांनी आपलं सिझरचं प्रमाण जाहीर करावं. आपल्याकडं २०१७ साली मुंबईच्या सुबर्णा घोष यांनी प्रमाण जाहीर करण्याचीच मागणी करणारा अर्ज चालवला होता आणि त्याची दखल केंद्रीय मंत्र्यांनीही घेतली होती.

मग डॉक्टरनं करायचं काय? नाइसच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी घालून दिलेला क्रम मला पटतो. बाई सिझर मागते तेव्हा आधी कारण विचारा. दोन्ही बाजूंचे धोके-फायदे सांगा. कारण भीती असेल तर बाळंतपणाच्या भीतीवर काम करणाऱ्या मानसिक आरोग्याच्या जाणकाराकडे पाठवा. हे सगळं करूनही तिला नॉर्मल नकोच असेल तर ठरवून सिझर द्या. स्वतःला करायचं नसेल तर करणाऱ्या डॉक्टरकडे पाठवा. म्हणजे ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही, फक्त बोलणं झाल्यानंतरचं. फिनलंडमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बाळंतपणाला घाबरणाऱ्या १७६ बायकांशी गरोदरपणातच बोलणं, माहिती देणं, समुपदेशन असं काम केलं गेलं. ज्यांनी आधी सिझर मागितलं होतं त्यांच्यापैकी ६२ टक्के बायकांनी नंतर आपण होऊन नॉर्मलची निवड केली. उरलेल्यांना कुणी भित्र्या म्हटलं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

बायकांनी, घरच्यांनी काय करावं

सगळ्यात आधी भीती वेगळी काढा. ‘मला भीती वाटते’ एवढंच सांगितलं की डॉक्टर त्यात आपल्या मनचं कारण भरतात. भीती कशाची, ते एका ओळीत कागदावर लिहा आणि तो कागद डॉक्टरसमोर ठेवा. बोलताना घसा दाटतो, कागदाचा दाटत नाही.

भीती रस्त्याची असेल तर नववा सरायच्या आत दवाखान्याजवळ राहायला जा. माहेर, बहीण, भाड्याची खोली, जे जमेल ते. पावसाळ्याची तारीख असेल तर हे पाचव्या महिन्यातच ठरवा. कुठली गाडी, कुणाचा फोन, कोण रक्त देणार, हे भिंतीवर लिहून लावा. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत. आशाताईला तुमची तारीख आणि तुमची भीती दोन्ही माहीत असू द्या.

भीती कळांची असेल तर कळा कमी करण्यासाठी इथं काय मिळतं, हे विचारा. पाठीत इंजेक्शन देऊन कळा बोथट करता येतात, पण ती सोय तालुक्यात क्वचित मिळते. ती हवीच असेल तर शहरातलं रुग्णालय आधी गाठावं लागेल. त्याबरोबरच सोबतीचं माणूस मागा. बाळंतपणात सतत कुणीतरी जवळ असलं तर नॉर्मल होण्याची शक्यता वाढते आणि सिझर कमी होतात, हे २६ चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं आहे. सरकारी रुग्णालयांतल्या लक्ष्य या २०१७ च्या कार्यक्रमातही बाळंतिणीसोबत तिच्या पसंतीची बाई असावी असं सांगितलेलं आहे. प्रसूतिकक्षात बायकांवर ओरडतात, हात उगारतात, या भीतीवरही सोबत हाच पहिला उपाय. आधी कक्ष बघून या, तिथल्या सिस्टरला नावानं ओळखा.

भीती मागच्या बाळंतपणाची असेल, बाळ दगावलं असेल, फार रक्त गेलं असेल, तर जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा आणि डॉक्टरला विचारा, ‘तेव्हा नेमकं काय झालं? पुन्हा होण्याची शक्यता किती?’ याचं उत्तर मिळाल्यावर कितीतरी बायकांची भीती निम्मी होते. आणि कधी उत्तर असंही येतं की हो, तुम्हाला सिझरच बरं.

कुणी अंगाला हात लावेल, तपासेल, याचीच धास्ती वाटत असेल, तर तिच्यामागं घरातला किंवा लहानपणीचा अत्याचार असू शकतो. अशा बाईला घरच्यांनी खोदून विचारू नये. तिला विश्वासाच्या डॉक्टरबाईंशी एकटीला बोलू द्यावं. झोप उडाली, जेवण जाईना, दिवसभर मरणाचेच विचार येतात, अशी अवस्था असेल तर ते आजारपण आहे, लाड नव्हेत. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

डॉक्टरनं पटकन ‘करून टाकू’ म्हटलं तर पाच प्रश्न विचारा. माझ्या बाबतीत सिझरला वैद्यकीय कारण आहे का? तारखेला किती आठवडे पूर्ण होतील? माझ्या पुढच्या गरोदरपणावर याचा काय परिणाम होईल? बाळाला पेटी लागली तर ती इथं आहे का? कळा आधीच सुरू झाल्या तर काय करायचं? डॉक्टरनं पटकन ‘काही होत नाही’ म्हटलं तर कागद पुढं करा आणि म्हणा, ‘डॉक्टर, माझी भीती ही आहे. यावर काय करता येईल?’ यावरही हसले, तर दुसरं मत घ्या. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. दुसरं मत घ्यायला पैसेच लागतात असं नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातलं सिझरही मोफत आहे. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी उपचाराचं स्वरूप, धोके आणि दुसरे पर्याय समजून घेणं हा तुमचा हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली यांच्या खटल्यात ते स्पष्ट केलं आहे.

आणि हेही तितकंच ठामपणे सांगते. वार खाली आहे, बाळ आडवं आहे, बाळाचे ठोके उतरताहेत, रक्तदाब चढून आकडी येण्याची लक्षणं आहेत, असं डॉक्टर सांगतील तेव्हा ‘आमच्यात नॉर्मलच होतात’ म्हणून घोळ घालत बसू नका. अशा वेळी सिझर आई आणि बाळ दोघांना वाचवतं. आत्यांच्या काळात सगळी घरीच झाली, असं आपण म्हणतो. त्या काळात अडून गेलेल्या बायकांची नावं घरातल्या म्हाताऱ्यांना हळूच विचारून बघा.

मला पुण्यात मावसबहीण होती. केळदच्या किंवा हिर्डोशीच्या प्रत्येक बाईला ती नसते. राज्यातल्या आदिवासी भागांत आरोग्य केंद्राच्या आवारात माहेरघरं आहेत. दिवस भरत आलेली बाई सोबतीच्या माणसासह तिथं येऊन राहते. पाण्यामागच्या गावांसाठी भोरला आणि घाटमाथ्याच्या गावांसाठी वेल्ह्याला अशी सोय मागायला काय हरकत आहे? बाईनं आपली भीती कशाची ते सांगावं, डॉक्टरनं ती विचारून घ्यावी. आणि दहा बायकांच्या कागदांवर रस्ताच लिहिलेला निघाला, तर ते कागद ग्रामसभेत वाचून दाखवावेत, कारण त्याचं उत्तर डॉक्टरकडं नाही.